आज दाढ उघडणार कोण?

दाढेतला पू मानेत उतरला की आरोग्य योजना कामाला लागतात. गालाची सूज हनुवटीखाली येते, जीभ वर उचलली जाते, थुंकी गिळता येत नाही, श्वास अडू लागतो. मग रुग्ण मोठ्या रुग्णालयात भरती होतो, मानेला चिरा देऊन पू काढला जातो, कधी श्वासनलिकेला भोक पाडावे लागते आणि पुढचे काही दिवस अतिदक्षता विभागात जातात. हा खर्च महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना किंवा आयुष्मान भारत यांच्या ५ लाखांच्या छत्राखाली येऊ शकतो. तीच दाढ तीन आठवडे आधी ड्रिलने उघडून आतला पू सोडला असता तर काम अर्ध्या तासाचे होते. पण आयुष्मान भारतच्या अपवादांच्या यादीत दात भरणे आणि रूट कॅनॉल ही दोन्ही कामे नाव घेऊन वगळली आहेत. आजारामुळे किंवा इजेमुळे रुग्णालयात दाखल व्हावे लागले तरच त्यांचा विचार होतो. आजार वाढेपर्यंत थांबा असे कोणी कुठे लिहिलेले नाही, हिशेब मात्र तसाच निघतो.

दंतवैद्यकांची टंचाई आहे असे म्हणावे तर तेही खरे नाही. देशात तीनशेहून अधिक दंत महाविद्यालये आहेत, नोंदणीकृत दंतवैद्यक सुमारे ३ लाख आहेत. सरासरी काढली तर चार-पाच हजार माणसांमागे एक दंतवैद्यक पडतो. पुण्यात कर्वे रस्त्याने चालत निघालात तर दवाखान्यांच्या पाट्या मोजताना थकाल. तालुक्याच्या गावीही आता बसस्थानकाजवळ एखादी पाटी असतेच. तरीही भारतीय दंत परिषदेच्या २००२-०३ च्या राष्ट्रीय पाहणीत बारा वर्षांच्या निम्म्याहून अधिक मुलांचे दात किडलेले आढळले होते आणि ३५ ते ४४ या वयोगटात हे प्रमाण ८० टक्क्यांच्या घरात होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अहवालानुसार जगात सुमारे २०० कोटी लोकांच्या कायमच्या दातांत उपचार न झालेली कीड आहे. इतक्या मोठ्या आजाराला पुरे पडेल एवढे मनुष्यबळ आपल्याकडे निदान कागदावर तरी आहे. अडते ते त्या पहिल्या अर्ध्या तासाशी. दाढ सुजली त्या दिवशी ती उघडणार कोण, किती पैशांत आणि घरापासून किती लांब, या तीन प्रश्नांपाशी गाडी येऊन थांबते.

आधी दाढेत काय घडते ते नीट पाहू, कारण उशीर का होतो याचे निम्मे उत्तर तिथेच आहे. दाताचे वरचे कवच, एनॅमल, हा शरीरातला सगळ्यात कठीण पदार्थ. साखरेवर पोसलेल्या जिवाणूंचे आम्ल तो महिनोन्महिने विरघळवत असते आणि या काळात काहीच दुखत नाही. कीड आतल्या थरात पोचली की थंड आणि गोड झोंबू लागते. ती नसेपर्यंत गेली की रात्रीचा ठणका सुरू होतो. दाढेतली नस चारी बाजूंनी कठीण भिंतींत बंद असते, त्यामुळे सुजेला पसरायला जागा नसते. माणूस आडवा झाला की डोक्याकडचा रक्तदाब वाढतो आणि म्हणूनच दिवसा सुसह्य असलेली दाढ रात्री दोन वाजता उठवून बसवते. मग एखाद्या सकाळी दुखणे आपोआप थांबते. घरात सगळ्यांना हायसे वाटते. खरे तर नस मेलेली असते. दुखण्याची खबर देणारी तारच तुटलेली असते आणि जिवाणू मुळाच्या टोकातून जबड्याच्या हाडात उतरलेले असतात. काही आठवड्यांनी, कधी काही महिन्यांनी, तिथे पू साठतो. चावताना दाढ उंच झाल्यासारखी लागते आणि गाल फुगतो.

मधल्या शांत काळात दंतवैद्यकाकडे जाणारा माणूस विरळा. दुखत नसताना पैसे कशाला घालायचे, हा हिशेब गरिबाचा आहे तसाच चांगल्या पगारदाराचाही आहे.

खालच्या मागच्या दाढांचा पू जिभेखाली आणि मानेकडे जातो तेव्हा होणाऱ्या गंभीर आजाराचे वर्णन जर्मन वैद्य विल्हेल्म फ्रेडरिक फॉन लुडविग यांनी १८३६ मध्ये केले. त्यांच्याच नावाने तो आजार आजही ओळखला जातो. प्रतिजैविके येण्याआधी असे निम्म्याहून अधिक रुग्ण दगावत. आता वेळेत पोचले तर बहुतेक वाचतात. तोंड दोन बोटांपेक्षा जास्त उघडत नसेल, गिळताना त्रास होऊन लाळ बाहेर येत असेल, आवाज बदलला असेल, हनुवटीखाली दोन्ही बाजूंनी घट्ट सूज असेल, डोळा मिटण्याइतका गाल सुजला असेल किंवा थंडी वाजून ताप येत असेल, तर सकाळची वाट न पाहता मोठे रुग्णालय गाठायचे. श्वास अडत असेल तर १०८ ला फोन करायचा. मधुमेहींनी हा उंबरठा आणखी खाली ठेवावा. साखर वाढलेली असली की दाढेचा संसर्ग झपाट्याने पसरतो, आणि संसर्गामुळे साखर आणखी चढते. २०२१ च्या उन्हाळ्यात कोविडमधून उठलेल्या कितीतरी रुग्णांमध्ये म्युकरमायकोसिसची पहिली खूण वरच्या जबड्यातल्या दुखण्याची आणि हलू लागलेल्या दातांची होती. त्या काही महिन्यांत महाराष्ट्रातल्या कान-नाक-घसा तज्ज्ञांना आणि दंतवैद्यकांना एकमेकांचे फोन नंबर पाठ झाले. ती लाट ओसरल्यावर या दोन खात्यांमधले दार पुन्हा पूर्वीसारखेच किलकिले राहिले.

आता मेडिकलच्या काउंटरवर या. राज्यातला दाढदुखीचा सर्वांत मोठा दवाखाना हाच आहे. संध्याकाळी सातच्या सुमाराला कोणत्याही तालुक्याच्या ठिकाणी एखाद्या मेडिकलसमोर उभे राहिले तर हे दृश्य सहज दिसते. माणूस गालाला हात लावून येतो आणि म्हणतो, "दाढेची गोळी द्या." काउंटरवरचा पोऱ्या सूज आहे का एवढेच विचारतो, तेही विचारले तर. मग कात्रीने पट्टीतून दोन गोळ्या प्रतिजैविकाच्या, दोन वेदनाशामक, एखादी पित्ताची असे कापून कागदी पाकिटात घालतो. चाळीस-पन्नास रुपयांत काम होते. दंतवैद्यकाच्या दाराशी नुसते जायचे म्हटले तरी याहून जास्त पैसे लागतात. दोन दिवसांत ठणका उतरतो आणि माणूस कामाला लागतो. प्रतिजैविके चिठ्ठीशिवाय विकू नयेत असा कायदा आहे. तो त्या काउंटरवर कोणाला आठवत नाही.

या गोळ्यांची अडचण अशी की मेलेल्या नसेला रक्तपुरवठाच नसतो, त्यामुळे रक्तातून येणारे औषध दाढेच्या आतपर्यंत पोचतच नाही. ते आजूबाजूच्या हाडातली आणि गालातली सूज तेवढी आवरते. संसर्गाचे घर तसेच राहते, आणि गोळ्यांनंतर उरलेले जिवाणू आणखी निगरगट्ट होऊन पुन्हा बाहेर येतात. अमेरिकन डेंटल असोसिएशनने २०१९ मध्ये दिलेल्या मार्गदर्शनात, दंतोपचार लगेच उपलब्ध असतील तर निरोगी प्रौढांना नसेच्या दुखण्यासाठी आणि मुळाशी मर्यादित गळवासाठी प्रतिजैविके देऊ नयेत, असे स्पष्ट म्हटले आहे. ताप किंवा पसरती सूज असेल तर गोष्ट वेगळी. एरवी हा प्रकार आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला असाच. मात्र सगळा दोष मेडिकलवाल्यावर टाकून मोकळे होणे मला पटत नाही. तो एक पोकळी भरतो आहे. कित्येक फॅमिली डॉक्टर हेच करतात, आणि खरे बोलायचे तर कित्येक दंतवैद्यकही करतात. "आधी पाच दिवसांचा कोर्स करा, सूज उतरली की या," हे वाक्य दंत दवाखान्यात रोज ऐकू येते. सुजलेल्या दाढेवर भुलेचे इंजेक्शन नीट चढत नाही, म्हणून त्यात थोडे तथ्य आहे. पण दाढ उघडून पू सोडणे हाच सूज उतरवण्याचा सगळ्यात जलद मार्ग असतो. अर्धा तास जास्त द्यावा लागतो आणि खुर्चीत ओरडणारा रुग्ण सांभाळावा लागतो, म्हणून ते टळते.

घरगुती उपायांबद्दल थोडक्यात. लवंगेच्या तेलातले युजेनॉल खरोखरच दुखणे बधिर करते आणि दंतवैद्यकही ते तात्पुरत्या सिमेंटमध्ये वापरतात. रुईचा चीक किंवा अ‍ॅस्पिरीनची गोळी हिरडीवर ठेवल्याने हिरडी भाजते. मिश्री लावल्याने ठणका विसरतो आणि सवय जन्मभर राहते. गावाकडच्या किती बायकांची मिश्री दाढदुखीतूनच सुरू झालेली असते. बाजारच्या दिवशी भुईरिंगणीच्या बियांची धुरी देऊन दाढेतले किडे काढून दाखवणारे अजून भेटतात. त्यांच्या तळहातावर दिसणारी अळी दाढेतून आलेली नसते. वरची दाढ काढली की डोळा अधू होतो हाही असाच एक समज. त्याच्यापायी माणसे कुजलेली मुळे वर्षानुवर्षे तोंडात बाळगतात. आणि गरोदरपणात दाढेला हात लावायचा नाही, हे सासू, आई आणि दुर्दैवाने काही डॉक्टरही सांगतात. वास्तविक चौथ्या ते सहाव्या महिन्यात उपचार निर्धास्त करता येतात आणि संसर्ग खरोखर वाढत असेल तर कोणत्याही महिन्यात करावेत.

आता पैशाकडे. जिल्ह्याच्या गावी खासगी दवाखान्यात दाढ काढायला साधारण ५०० ते १,५०० रुपये लागतात, दाढेच्या रूट कॅनॉलला ३ ते ६ हजार आणि वर कॅप. धातूची कॅप दोन-तीन हजारांपासून मिळते, दातांच्या रंगाची हवी असेल तर आकडा दुप्पट-चौपट होतो. पुण्या-मुंबईत हे सगळे आणखी वर जाते. २०२५-२६ मध्ये महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी ३१२ रुपये होती. रूट कॅनॉल आणि साधी कॅप मिळून ८-९ हजार धरले, तर एका दाढेला जवळजवळ महिन्याच्या मजुरीचे दिवस जातात. म्हणून निर्णय आधीच झालेला असतो: काढून टाका. त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. संसर्ग थांबवायचा तर काढलेली दाढ हा पूर्ण उपचारच आहे. पण पंचविशीत खालची पहिली दाढ गेली की वरची खाली सरकते, शेजारची कलते, चावणे एका बाजूला जाते आणि मग त्या बाजूची दाढ लवकर झिजते. चाळिशीत असे तोंड बघितले की कुठल्या वर्षी पैसे नव्हते ते दंतवैद्यकाला वाचता येते.

डॉक्टर लुटतात, हा दुसऱ्या बाजूचा सोपा निष्कर्ष. त्यांच्या बाजूने बघू. खालच्या दाढेत बहुधा तीन नलिका असतात, कधी चार. वरच्या पहिल्या दाढेतली चौथी तर इतकी बारीक की ती चुकली म्हणूनच अनेक रूट कॅनॉल पुन्हा करावी लागतात. त्या नलिकेत शिरणाऱ्या पहिल्या फाइलचे टोक मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतके असते. हाताच्या बोटांना फाइल अडकल्याची जाणीव झाली पाहिजे, एक्स-रे काढून लांबी बघितली पाहिजे, सोडियम हायपोक्लोराइटने पुनःपुन्हा धुतले पाहिजे आणि शेवटी गटापर्चाने नलिका टोकापर्यंत भरली पाहिजे. घाईत केले तर फाइल आत मोडते. मोडलेला तुकडा पुढे कोणाच्या तरी एक्स-रेवर दिसतो आणि मग बोलाचाली होतात. फाइली चार वापरांत टाकून द्याव्या लागतात, कॅप लॅबमधून येते, कम्प्रेसर आणि खुर्चीचा हप्ता असतो, आणि खासगी महाविद्यालयाची फी भरून बाहेर पडलेल्या मुलाच्या डोक्यावर शिक्षणाचे कर्जही असते. लहान गावात दिवसाला चार रुग्ण येतात आणि त्यातले दोन "ठणका तेवढा थांबवा" म्हणतात. ठणका थांबला की ते फिरकत नाहीत. दाढेत कापसाचा बोळा किंवा तात्पुरते सिमेंट असते, ते महिन्याभरात पडते आणि संसर्ग नव्याने सुरू होतो. सहा महिन्यांनी रुग्ण येतो तो "तुमची रूट कॅनॉल फेल गेली" म्हणत. दोघेही आपापल्या जागी खरे असतात.

विम्याचा इथे फारसा उपयोग नाही. सर्वसाधारण आरोग्य विमा अपघात वगळता दातांना हात लावत नाही. कारखान्यात किंवा दुकानात राज्य कामगार विम्याचे कार्ड असेल तर त्या योजनेच्या रुग्णालयातल्या दंत विभागाचा हक्क मिळतो. अनेक कामगारांना आपल्या पगारातून कापल्या जाणाऱ्या पैशांत दातही येतात हे माहीत नसते.

सरकारी रुग्णालयांत मात्र २०२३ मध्ये एक मोठा बदल झाला. त्याचा गाजावाजा झाला तेवढा उपयोग दातांसाठी झालेला नाही. १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत, म्हणजे ग्रामीण, उपजिल्हा आणि जिल्हा रुग्णालयांत, उपचार निःशुल्क झाले. केसपेपरचे पैसेही गेले. त्यात दंत विभागही येतो. राष्ट्रीय मौखिक आरोग्य कार्यक्रम २०१४-१५ पासून सुरू आहे. जिल्हा रुग्णालयात आणि त्याखालच्या केंद्रांत खुर्ची, दंतशल्यचिकित्सक आणि साहित्य देणे हा त्याचा गाभा. त्यामुळे बऱ्याच ठिकाणी आज खुर्ची आहे. जिथे ती चालते तिथे दाढ फुकट काढून मिळते, दात भरून मिळतो, पू काढला जातो. सूज आली की आधी तिथेच जावे असे मी ओळखीच्या प्रत्येकाला सांगतो. पण खुर्ची असणे आणि खुर्ची चालू असणे यात अंतर आहे. कम्प्रेसर बंद असतो, एअरोटरचा हँडपीस दुरुस्तीला गेलेला असतो, एक्स-रेची फिल्म संपलेली असते, भुलेची कुपी मागणीपत्रात अडकलेली असते. दंतशल्यचिकित्सकाला शिबिरांना किंवा इतर कामांना जुंपलेले असते, किंवा कंत्राट संपून नव्याने व्हायचे असते. अशा जागी रुग्णाला पुन्हा पाच दिवसांच्या गोळ्याच मिळतात. फक्त त्या फुकट असतात. आणि रूट कॅनॉल, त्यातून दाढेची, बहुतेक ग्रामीण रुग्णालयांत होतच नाही.

ती स्वस्तात हवी असेल तर दंत महाविद्यालय गाठावे लागते. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरची शासकीय महाविद्यालये, मुंबई सेंट्रलजवळचे महापालिकेचे नायर, आणि लोणी, कराड, सांगली, सावंगी, नाशिक, लातूर, अमरावती इथली खासगी. गोव्यात बांबोळीचे शासकीय महाविद्यालय १९८० पासून आहे आणि दोडामार्ग-सावंतवाडीकडच्या माणसाला ते आपल्या जिल्ह्याच्या कित्येक सोयींपेक्षा जवळ पडते. खासगी महाविद्यालयांनाही शिकवण्यासाठी रुग्ण लागतात, त्यामुळे तिथले दर दवाखान्यांच्या मानाने बरेच कमी असतात आणि काही ठिकाणी गावोगावी गाडी पाठवून रुग्ण आणले जातात. शासकीय महाविद्यालये वैद्यकीय शिक्षण विभागाकडे आहेत, म्हणून २०२३ च्या निर्णयातली माफी त्यांना आपोआप लागू झाली नाही. तिथे शुल्क आहे, पण खासगीच्या तुलनेत ते अगदी नगण्य.

शुल्क कमी असले तरी तिथे वेळ मोजावा लागतो. सकाळी केसपेपरची रांग, मग तपासणी विभाग, तिथून एक्स-रे, एक्स-रे घेऊन पुन्हा तपासणी विभाग, मग चिठ्ठी घेऊन वरच्या मजल्यावर. तोवर साडेबारा वाजतात. इथली एक आतली गोष्ट रुग्णाला कोणी सांगत नाही. विद्यार्थ्यांना ठरावीक संख्येने कामे पूर्ण करावी लागतात. पुढचा एका मुळाचा दात दुखत असेल तर पदवीचे विद्यार्थी तुमच्यासाठी खुर्ची धरून उभे असतात. दाढ असेल तर ती पदव्युत्तर विद्यार्थ्यांकडे जाते, ते मोजकेच असतात आणि तारीख काही आठवड्यांनंतरची पडते. दुखतात त्या बहुतेक दाढाच. या वेळी एक प्रश्न विचारून घ्यावा: "पूर्ण उपचार पुढच्या तारखेला करा, पण आज दाढ उघडून पू काढाल का?" बहुतेक ठिकाणी हे त्याच दिवशी होऊ शकते. रुग्ण विचारत नाही, कारण असे काही वेगळे मागता येते हेच त्याला माहीत नसते. इंटर्न सुचवत नाही, कारण ते त्याच्या कामांच्या यादीत मोजले जात नाही.

उपचार फुकट असला तरी दिवस फुकट नसतो. बीडहून कारखान्याला गेलेल्या ऊसतोड जोडप्यातला एक जण कामावर आला नाही तर खाडा पडतो, म्हणजे मजुरी बुडतेच, वर मुकादम दंड कापतो. रूट कॅनॉलच्या तीन खेपा म्हणजे तीन खाडे. हंगाम ऑक्टोबर-नोव्हेंबरात सुरू होऊन मार्च-एप्रिलपर्यंत चालतो, तोवर गोळ्यांवर काढायचे असे ठरते. मोलकरीण, बिगारी, रिक्षावाला यांचे गणित याहून फार वेगळे नाही. बायकांच्या बाबतीत त्यात आणखी एक पायरी असते. घरातल्या सगळ्यांची दुखणी निपटल्यावर तिच्या दाढेचा नंबर येतो, आणि खासगीतला खर्च तिच्यावर करायचा की नाही हे दुसराच कोणीतरी ठरवतो.

श्रीमंत देशांत तरी हे सुटले आहे का? २००७ मध्ये अमेरिकेतल्या मेरीलँड राज्यात बारा वर्षांच्या एका मुलाच्या दाढेचा संसर्ग मेंदूपर्यंत गेला आणि तो दगावला. दाढ काढायला ८० डॉलर लागले असते. त्याच्या कुटुंबाचे सरकारी वैद्यकीय छत्र मधल्या काळात खंडित झाले होते. तिथे दातांच्या दुखण्यासाठी वर्षाला सुमारे २० लाख वेळा लोक रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जातात, आणि तिथेही त्यांना गोळ्याच मिळतात. दातांचा विमा वेगळा घ्यावा लागतो आणि त्याची वार्षिक मर्यादा एका रूट कॅनॉल-कॅपमध्ये संपू शकते. म्हणून डिसेंबरात सुट्टीवर आलेले न्यू जर्सीचे किंवा डॅलसचे मराठी कुटुंब लग्न उरकून कोथरूडच्या दवाखान्यात दाढा करून घेते. त्यांच्या तीन आठवड्यांत बसवायला दवाखान्याची डायरी रिकामी केली जाते. अकोल्याहून आलेल्या माणसाला ती डायरी रिकामी सापडत नाही, हे सांगायला नको.

उपाय म्हणून "सर्वांना मोफत रूट कॅनॉल" ही मागणी अधूनमधून होते. मला ती फसवी वाटते. एवढी कुशल बोटे आणि एवढा वेळ कोणतेही राज्य तालुक्यापर्यंत नेऊ शकणार नाही, आणि घोषणा झालीच तर पुन्हा प्रतीक्षायादीच हाती येईल. त्याऐवजी छोटी आणि कडक हमी मागावी: सुजलेली किंवा ठणकणारी दाढ घेऊन आलेल्या माणसाची दाढ तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात त्याच दिवशी उघडली जाईल किंवा काढली जाईल. त्यासाठी लागते ते चालू कम्प्रेसर, दोन हँडपीस, भुलेच्या कुप्या, एक एक्स-रे यंत्र आणि आठवड्याचे सहाही दिवस तिथे बसणारा माणूस. खुर्ची नादुरुस्त असेल त्या दिवशी जवळच्या खासगी दंतवैद्यकाकडे चिठ्ठी जावी आणि दाढ उघडण्याचे ठरावीक पैसे त्याला जन आरोग्य योजनेतून महिन्याच्या आत मिळावेत. ज्या योजनेला मान उघडल्याचे पैसे देता येतात तिला दाढ उघडल्याचे देणे अवघड नाही. अपवादांच्या यादीतली एक ओळ बदलावी लागेल. शस्त्रक्रियेच्या बिलाशी तुलना केली तर तिजोरीवरचा भार हलकाच होईल.

त्याच्याही आधीचे काम शाळेत आहे. सहाव्या वर्षी पहिली कायमची दाढ दुधाच्या दाढांच्या मागे उगवते. तिच्यासाठी कोणताही दात पडत नाही, त्यामुळे घरच्यांना ती दुधाचीच वाटते आणि किडली तरी "पडेल आपोआप" म्हणून सोडून दिली जाते. प्रौढपणी सुजणाऱ्या दाढांत तिचा नंबर बराच वर असतो. किडलेला भाग हाताच्या चमच्यासारख्या अवजाराने खरवडून ग्लास आयनोमर सिमेंट भरायची पद्धत १९८० च्या दशकात टांझानियात विकसित झाली, तीच मुळी वीज नसलेल्या ठिकाणांसाठी. कीड थोपवणारे सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतले. एक थेंब लावला की किडलेली जागा काळी पडते आणि बहुतेक वेळा तिथेच थांबते. दिसायला वाईट, म्हणून शहरी पालक नाक मुरडतात. मागच्या दाढेला कोण बघतो? न्यूझीलंडने तर १९२१ पासून शाळांत खास प्रशिक्षित दंत परिचारिका नेमून असली कामे त्यांच्याकडून करून घेतली. आपल्याकडे दंतवैद्यकांच्या संघटना अशा कल्पनेला दारातच अडवतात.

आपल्याकडे शाळांपर्यंत पोचणारी यंत्रणा तयार आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवातच फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघरला झाली. त्याच्या पथकांनी शोधायच्या तीस दुखण्यांत दातांची दुखणी आहेत. पथकात दोन आयुष डॉक्टर, एक परिचारिका आणि एक औषधनिर्माता असतो. गाडी शाळेच्या आवारात येते, मुले रांगेत उभी राहतात, टॉर्चच्या उजेडात तोंड बघितले जाते, तक्त्यात दातांपुढे खूण होते आणि मुलाच्या हातात रुग्णालयाची चिठ्ठी पडते. ती चिठ्ठी बहुतेकदा दप्तरातच राहते. त्याच गाडीत सिमेंटचा डबा, खरवडायची अवजारे आणि महिन्यातून ठरावीक दिवस एक दंतवैद्यक बसवला, तर पहिली-दुसरीतल्या मुलांच्या दाढा वर्गाबाहेरच्या बाकावर भरून होतील. एका दाढेला दहा-पंधरा मिनिटे लागतात. गाडी आहे, मुले आहेत, बेकार बसलेले दंतवैद्यक तर कितीतरी आहेत. आरोग्य विभागाच्या एका शासन निर्णयात बसेल एवढेच हे काम आहे.